होडीवरचे खळगे

बुधवार, २४ नोव्हेंबर १९९३

पोहोचलो एकदाचा. आईने बांधून दिलेल्या दशम्या भुसावळलाच संपल्या, त्यामुळे उज्जैनला उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. शरच्चंद्र टोकेकर स्वतः स्कूटर घेऊन स्टेशनवर आले होते. रेल्वेतून रिटायर झालेले, गळ्यात मफलर, बोलणं निम्मं मराठी आणि निम्मं हिंदी. त्यांचं घर फ्रीगंजात, स्टेशनापासून अगदी जवळ. वरच्या मजल्यावरची समोरची खोली मला दिली आहे. पलंग, टेबल, खिडकीत ऊन, आणखी काय हवं!

पुण्याचा आमचा फायबरग्लासचा कारखाना बंद पडल्यापासून घरी बसून माश्या मारत होतो. आता इथे मक्सी रोडला पाण्याच्या टाक्यांचा नवा कारखाना निघतो आहे. लायसन्सची कटकट गेल्यापासून जो तो कारखाना काढतो आहे म्हणा. मी सुपरवायझर. विजेचं कनेक्शन यायचं आहे, तोवर उज्जैन बघा असं मालकांनी सांगितलं. राहायची सोयही त्यांनीच त्यांच्या ओळखीच्या टोकेकरांकडे लावून दिली.

त्यांच्या पत्नी अहल्याकाकूंनी आल्या आल्या पोहे आणि जिलबी समोर ठेवली. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "संकोच नको करू श्रीनाथ बेटा, तू तर घरचाच आहेस." त्यांची मुलगी सुलू भैरवगढला ठप्प्यांच्या छपाईच्या कारखान्यात नक्षीचं काम करते. ती माझ्याकडे एकदा बघून निघून गेली. नमस्कार नाही, हसणं नाही.

आई मला शंकासुर म्हणते. दूधवाल्याने माप जास्त घातलं तरी मी त्यात पाणी शोधतो. पण लग्नाची मुलगी, पुण्याचा बिनलग्नाचा मुलगा आणि ताटात न मागता आलेली जिलबी, यात शंका घेण्यासारखं फार काही नाही. बघू. जिलबी मात्र झकास होती.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर

जिलबीमागचं कारण वेगळंच निघालं. टोकेकरकाकांना होडी पुरी करून हवी आहे.

मागच्या खोलीत ती लाकडी घोड्यांवर पालथी ठेवली आहे. काका मॉडेल मॉडेल म्हणत होते, मला वाटलं टेबलावर मावेल असं काहीतरी असेल. ही एक माणूस सुखाने आडवा होईल एवढी लांब आहे. मुलगा विक्रांत लहानपणापासून होड्या बनवायचा, हा त्याचाच आराखडा, असं काका म्हणाले. तो कुठे असतो विचारलं तर म्हणाले, बाहेर. दुबईला असेल. हल्ली सगळे तिकडेच जातात.

फायबरग्लासचे थर इंदूरच्या कुणा कारागिराने चढवले आणि तो काम अर्धं टाकून गेला. काम वाईट नाही, पण वर मॅटचे, म्हणजे काचेच्या कापडाचे, तंतू काट्यांसारखे उभे आहेत आणि पृष्ठभाग सगळा खडबडीत. आता त्यावर पुट्टी लावायची. रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवायची (संगमरवराची पूड स्वस्त मिळते, पण ती घासताना हात मोडतात), हार्डनर घालायचा आणि पत्र्याच्या पट्टीने पातळ ओढायची. वाळली की लांब ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून घासायची. मग फडक्याने कोळशाची पूड चोळायची आणि पुन्हा घासायचं. जिथे काळं उरतं तिथे खळगा आहे असं समजायचं आणि तेवढाच भरायचा. डोळे फसतात, काळी पूड फसत नाही.

एक गोष्ट खटकली. बोटाने ठोकून बघितलं तर आवाज भरीव आला. होडी पोकळ हवी. काका म्हणाले, ज्या गाभ्यावर थर चढवले तो आत आहे, काम झालं की काढू. खालून फळी ठोकून बंद केलेली आहे. खरं तर गाभा पुट्टीच्या आधी काढतात. पण होडी त्यांची आहे, मी कशाला शहाणपण शिकवू?

रविवार, २८ नोव्हेंबर

पुट्टीचा पहिला हात झाला. थंडीमुळे वाळायला वेळ लागतो. काका शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि घाई करू नकोस, आराम से कर, असं म्हणत राहतात. काकू स्वेटर विणत आहेत. आज माझ्या खांद्याला दोरा लावून माप घेतलं आणि खूश होऊन म्हणाल्या, अगदी विक्रांतच्या मापाचा आहेस. मुलाचा स्वेटर मला कशासाठी? पण थंडी खरी आहे, म्हणून गप्प बसलो.

काळी पूड लावून घासल्यावर तीन ठिकाणी खळगे दिसले. दोन वरच्या टोकाला शेजारी शेजारी, एक मध्यावर. भरून टाकले. संध्याकाळी हात फिरवला तेव्हा सगळं आरशासारखं गुळगुळीत होतं.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

खळगे पुन्हा आले. त्याच जागी.

हार्डनर कमी पडला तर पुट्टी आक्रसते, हे मला ठाऊक आहे. पण मी मापात चूक करत नाही. म्हणजे कुणीतरी ओल्या पुट्टीवर हात दाबला. काका-काकू तसं कशाला करतील? उरली सुलू. ती मी होडीजवळ असताना दारात येऊन उभी राहते, काही न बोलता बघते आणि निघून जाते. काल जेवताना मी होडीचा विषय काढला तर ताट तसंच टाकून उठली. काकू म्हणाल्या, तिच्याकडे लक्ष नको देऊ, ती थोडी टेढी आहे.

आज खळगे भरून दाराला कुलूप लावलं, किल्ली स्वतःकडे ठेवली आणि चौकटीला आडवा दोरा चिकटवला. आता चोर सापडेलच.

शुक्रवार, ३ डिसेंबर

दोरा शाबूत. कुलूप शाबूत. खळगे आहेत.

दुसरी गोष्ट: होडी कोमट लागते. रेझिन वाळताना तापतं, ते बरोबर. पण पुट्टी केव्हाच वाळली आहे. खोलीत सगळं गार आणि तिच्या पाठीवर हात ठेवला तर तापातल्या माणसाच्या अंगासारखं. मी हात लगेच काढून घेतला.

इथलं पाणी मला मानवत नसावं. काकू दाल-बाफले, भुट्ट्याचा किस, तूप, कशाचीही कमतरता ठेवत नाहीत आणि तरी शर्टाची कॉलर सैल झाली आहे, घड्याळ मनगटावरून खाली घसरतं आहे. कारखान्यात जाऊन आलो. वीज अजून नाही. मालक म्हणाले, तब्येत सांभाळा, नोकरीवर धडधाकट माणूस पाहिजे. हसून म्हणाले, पण मला ते टोचलं.

सोमवार, ६ डिसेंबर

हे शांतपणे लिहायला हवं.

सकाळी अंघोळ करताना खांद्यामागे काळं दिसलं. कोळशाची पूड असणार म्हणून साबण लावला, घासलं, निघेना. आरशात पाठ करून पाहिलं. दोन्ही खांद्यांच्या मागे खळगे आहेत आणि पूड त्यांतच बसली आहे. तळहात ठेवला तर नीट मावतो. तिसरा कमरेवर. होडीवर जिथे भरतो आहे तिथेच.

तसाच मागच्या खोलीत गेलो. होडीवरचे ते तीन खळगे आज नाहीत. भरून आले आहेत. पुट्टीने नाही, पुट्टी मी दोन दिवसांत लावलेली नाही.

रागाच्या भरात एका बाजूला पॉलिश पेपर जोरात ओढला. पुट्टी निघून गेली आणि खाली फायबरग्लास उघडं पडलं. उन्हात ते पिवळट काचेसारखं आरपार दिसतं. खाली कापड आहे. भैरवगढच्या छपाईची चादर, लाल-काळी बुट्टी. तिच्या फटीतून शर्टाची पट्टी दिसत होती. बटणं लावलेली.

साच्याला किंवा गाभ्याला शर्ट कोण घालतं?

बुधवार, ८ डिसेंबर

आज सुलूने मला भैरवगढला बोलावून घेतलं. घरी बोलता येत नाही म्हणाली. छपाईच्या कारखान्यामागे नदीकडे वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभं राहून तिने सगळं सांगितलं.

विक्रांत दुबईत नाही. सहा वर्षांपूर्वी क्षिप्रेला पूर आला तेव्हा तो बुडाला. देह मिळाला नाही. ज्याचा देह मिळत नाही त्याचा पळसाच्या देठांचा आणि दर्भाचा पुतळा करतात, त्यात प्राणाला बोलावतात आणि मग तो पुतळा जाळतात. पालाशविधी. माझ्या आजोळी एकदा झाला होता, म्हणून मला माहीत आहे. घरच्या विष्णुगुरुजींनी नदीकाठी सिद्धवटाजवळ सगळा विधी केला, पुतळ्याला विक्रांतचा शर्ट घातला, प्राण बोलावला. अग्नी द्यायची वेळ आली आणि काकांनी पुतळा सरणावरून उचलला. ज्याला मेलेला कुणी पाहिला नाही त्याला मी माझ्या हाताने नाही जाळणार, असं म्हणाले आणि चादरीत गुंडाळून स्कूटरवरून घरी घेऊन आले.

गुरुजी मागे धावत आले होते म्हणे. बोलावून ठेवलेला जीव असा अर्धवट ठेवू नका, तो अंग मागेल, असं त्यांनी हात जोडून सांगितलं. काकांनी त्यांना घरात पाऊल टाकू दिलं नाही. पुतळा सुकायला लागला तेव्हा त्याभोवती होडी बांधली, म्हणजे आकार मोडणार नाही. इंदूरचा कारागीर एक-एक थर चढवत गेला आणि वाळत गेला. त्याला त्याच्या भावाने उचलून नेलं. पुढे काय झालं ते सुलूला माहीत नाही.

ती म्हणाली, "आजच्या गाडीने निघून जा. सामान राहू दे. होडीला हात नको लावू, एकदा पण नको. मी गुरुजींना मनवते, पुतळा जळला की सब ठीक होऊन जाईल."

मी हो म्हणालो. टेम्पोत बसून परतलो.

शुक्रवार, १० डिसेंबर

गेलो नाही. का ते लिहितो.

बुधवारी बॅग भरत होतो तेव्हा खाली काका-काकूंचं बोलणं कानावर आलं. काकू म्हणत होत्या की हा राहिला तर घर याच्याच नावावर करू, मुलासारखा आहे. काका हूं म्हणाले. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! सुलूला मी का नको आहे ते समजलं. घर. भाऊ नाही, म्हणजे घर तिचं. आणि मधेच मी टपकलो. पुण्याच्या माणसाला भुताची गोष्ट सांगून पळवायचं आणि आपण मोकळं व्हायचं. मी काय दुधखुळा आहे?

खळगे? डॉक्टरांना दाखवले. अशक्तपणा म्हणाले, रेझिनच्या वासाने भूक मरते, टॉनिक घ्या. शर्ट? काकांना सरळ विचारलं. गाभ्याला रेझिन चिकटू नये म्हणून जुने कपडे गुंडाळले, असं ते म्हणाले. पटण्यासारखं आहे. आम्हीही पुण्यात कागद गुंडाळायचो.

मग सुलूने जे सांगितलं तेही मी काकांना सांगितलं. सगळं. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मुलगा गेल्यापासून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असं म्हणाले. दुपारी तिला इंदूरला जयूमावशीकडे पाठवून दिलं. रिक्षात बसताना तिने वर माझ्या खिडकीकडे पाहिलं. रागाने नाही. आई आजारी मुलाकडे बघते तसं. मी पडदा ओढून घेतला.

सुलू खोटी आहे हे सिद्ध करायचा उपाय सोपा आहे. पुट्टी लावायची आणि बघायचं. काकांनी नवा डबा आणला आहे. संध्याकाळी पूर्ण होडीवर शेवटचा हात ओढला. नाकापासून शेवटापर्यंत, एक इंच न सोडता. इतकं सुंदर काम मी आयुष्यात केलं नाही.

रविवार, १२ डिसेंबर

सुलू खरं बोलत होती.

काल सकाळी उठलो तो पलंगावर आवाज झाला. कोरड्या पानांचा. कूस बदलली की होतो. सगळ्या अंगाला खळगे पडले आहेत, गालांना, मांड्यांना, छातीला. दुखत नाही. हेच भयंकर आहे, दुखतच नाही.

कसाबसा स्टेशनवर गेलो. पुण्याची गाडी संध्याकाळी होती. प्लॅटफॉर्मवर वजनाचं यंत्र आहे, दिव्यांचं. त्यावर उभा राहिलो. नाणं टाकलं. चाक फिरलं नाही. माझ्यामागून एक शाळकरी मुलगी चढली तर लगेच फिरलं, तिकीट आलं. पुन्हा उभा राहिलो. काही नाही. यंत्राला मी दिसतच नव्हतो.

मालगाडी धडधडत गेली. तिच्या वाऱ्याने मी मागे ढकललो गेलो आणि बाकाला जाऊन अडकलो. हमाल हसले. काका आले. त्यांनी मला काखेत उचलून स्कूटरवर पुढे उभं केलं, लहान मुलाला करतात तसं. रस्ताभर प्रेमाने बोलत होते. "बस, थोडंसंच बाकी आहे बेटा."

ओरडलो. रस्त्यात कुणी वळून बघितलं नाही. मलाच ऐकू आलं नाही.

सोमवार, १३ डिसेंबर

सुलूला फोन करायचा. कुणाच्या हाताने? जिना उतरता येत नाही. पेन जड लागतं आहे, दोन्ही हातांनी धरलं आहे.

काकू आल्या होत्या. जेवण आणलं नाही. माझ्या अंगातला स्वेटर काढून घेऊन गेल्या. रडत होत्या, पण खुशीने. मी हात धरायला गेलो तर माझं बोट —

काकांनी कारखान्यात सांगून टाकलं, श्रीनाथ पुण्याला निघून गेला. दारातूनच मला सांगितलं. माझी माफी मागितली. खरंच मागितली. म्हणाले, बाप झाला असतास तर तुला समजलं असतं.

मागच्या खोलीत लाकूड मोडल्याचा आवाज. मग कुणीतरी खोकलं. पाण्यात गुदमरलेलं माणूस खोकतं तसं. खूप वेळ.

मंगळवार, १४ डिसेंबर

सकाळ. खाली चहाची भांडी. तरुण माणसाचं हसणं. काकू त्याला आणखी पोहे वाढत आहेत —

रिक्षा थांबली. सुलू! सुलूचा आवाज. ती परत आली, विष्णुगुरुजींना घेऊन आली. मला सोडवायला आली. मी तिच्याबद्दल काय काय —

ती श्रीनाथ कुठे म्हणून विचारते आहे. काका म्हणाले, शनिवारच्या गाडीने गेला. तिने विचारलं, नक्की? तो ठीक होता? काका म्हणाले, हो. ती म्हणाली, देवा, सुटला.

मग त्या तरुणाची पावलं बाहेरच्या खोलीत. मग सुलू दादा म्हणून ओरडली. रडते आहे. हसते आहे.

गुरुजी चिडले आहेत. हे काय ते नंतर बघू, आधी पुतळा, तो आजच जळला पाहिजे असं म्हणतात. काका लगेच हो म्हणाले. वाद नाही. वरच्या खोलीत पलंगावर ठेवला आहे, घेऊन जा, हलका आहे —

पलंगावर मी आहे.

ओरडतो आहे. छातीत हवा राहत नाही, खळग्यांतून —

जिन्यावर पावलं. सुलूचीच. तिला कळेल. ती माझ्याकडे नीट बघेल, तिला सवय आहे बघायची. ही वही दिसेल. मी हात हलवतो —

दार. तिच्या हातात चादर आहे. ती डोळे मिटून घेते आहे, बघवत नाही म्हणते, गुरुजी तुम्हीच गुंडाळ —